सर्व्हरचा भाडेकरार

मुंबई-पुण्यात भाड्याने राहिलेल्या माणसाला लीव्ह अँड लायसन्सचा करार समजावून सांगावा लागत नाही. मुदत किती, अनामत किती, घरात कोण कोण राहणार, पोटभाडेकरू ठेवता येईल का, ही कलमं तो बोट ठेवून वाचतो आणि शंका आली तर एजंटाला थांबवतो. तोच माणूस पुढे दहा-पंधरा जणांचं कार्यालय थाटतो, तिथे सर्व्हर घ्यायची वेळ येते आणि कोटेशनच्या तळाशी असलेल्या ‘विंडोज सर्व्हर स्टँडर्ड, १६ कोअर’ आणि ‘युझर कॅल’ या दोन ओळी न वाचताच सही होते. घासाघीस होते ती एकूण रकमेवर. त्या रकमेत किती माणसांना सर्व्हर वापरायची परवानगी मिळाली, किती काळ मिळाली आणि यंत्र बदललं तर ती टिकेल का, हे प्रश्न टेबलावर येतच नाहीत.

‘लायसन्स’ हा शब्द दोन्हीकडे एकच आहे. १८८२च्या ईझमेंट्स कायद्याचं ५२वं कलम लायसन्सची व्याख्या करतं: दुसऱ्याच्या स्थावर मालमत्तेत, परवानगी नसती तर बेकायदा ठरलं असतं असं काही करण्याचा हक्क. या हक्कामुळे त्या मालमत्तेत राहणाऱ्याचा स्वतःचा हितसंबंध मात्र तयार होत नाही. सॉफ्टवेअरचं लायसन्स याच साच्यातलं आहे. प्रोग्रॅमची मालकी बनवणाऱ्याकडेच राहते. कार्यालयाला मिळते ती ठरलेल्या अटींवर वापरायची मुभा. म्हणूनच सर्व्हरचं लायसन्स हा संगणक दुरुस्त करणाऱ्याचा तांत्रिक विषय आहे, हा समज छोट्या कार्यालयाला महागात पडतो. तो मालकाने वाचायचा करार आहे, आणि तो वाचायला माणसं, यंत्रं आणि वर्षं मोजता आली तरी पुरतं.

सॉफ्टवेअर वेगळं विकलं जाणं हीसुद्धा फार जुनी गोष्ट नाही. १९६९पर्यंत आयबीएमच्या अवजड संगणकांसोबत प्रोग्रॅम आणि सेवा एकाच किमतीत येत. त्या वर्षी जूनमध्ये कंपनीने त्यांची किंमत वेगळी लावायचं जाहीर केलं आणि सॉफ्टवेअरचा स्वतंत्र बाजार वाढायला मोठं बळ मिळालं. भारतात १९८४च्या दुरुस्तीने संगणक प्रोग्रॅम कॉपीराइट कायद्यातल्या साहित्यकृतींच्या व्याख्येत आला. कायद्याच्या दृष्टीने तो कादंबरीच्या पंक्तीला बसला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने दोन निकालांत ग्राहकाच्या हातात नेमकं काय येतं ते सांगितलं. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश या २००४च्या निकालात तयार, खोक्यातून मिळणारं सॉफ्टवेअर विक्रीकरापुरतं ‘माल’ ठरलं. मार्च २०२१मध्ये इंजिनिअरिंग अ‍ॅनालिसिस खटल्यात न्यायालयाने म्हटलं, की अंतिम वापरकर्ता प्रत वापरण्याचे पैसे देतो, कॉपीराइटचे नव्हे. पुस्तक विकत घेतलं म्हणून ते छापायचा हक्क मिळत नाही, तसंच हे.

आता प्रत्यक्ष हिशेब. समजा, एका चार्टर्ड अकाउंटंटच्या कार्यालयात चौदा जण आहेत. दोन भागीदार, प्रत्येकाकडे कार्यालयातला संगणक, लॅपटॉप आणि फोन. सहा कर्मचारी, प्रत्येकाचा एक संगणक. आणि सहा आर्टिकल विद्यार्थी, जे बराच वेळ ऑडिटला बाहेर असतात आणि परतल्यावर तीन संगणक आळीपाळीने वापरतात. त्यांना फाइली एका जागी ठेवायला, प्रत्येकाला वेगळा पासवर्ड द्यायला आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर चालवायला एक सर्व्हर हवा आहे.

पहिली मोजणी यंत्राची. विंडोज सर्व्हर २०१२च्या आवृत्तीत लायसन्स प्रोसेसरच्या संख्येवर मिळायचं. २०१६च्या आवृत्तीपासून ते कोअरवर मिळतं. एका प्रोसेसरमध्ये अनेक कोअर असतात आणि नियम असा, की प्रत्येक प्रोसेसरमागे किमान आठ आणि प्रत्येक सर्व्हरमागे किमान सोळा कोअरचं लायसन्स घ्यायचं. कार्यालयाने एका प्रोसेसरचा, आठ कोअरचा साधा सर्व्हर घेतला तरी पैसे सोळा कोअरचेच. दोन प्रोसेसर प्रत्येकी बारा कोअरचे असतील तर चोवीस कोअरचे. ‘थोडा दमदार घेऊन ठेवू’ म्हणून मोठं यंत्र घेणारा माणूस लोखंडासोबत लायसन्सचाही आकडा वाढवत असतो.

या कोअरवर खोल्याही ठरतात. स्टँडर्ड आवृत्तीत सगळे कोअर मोजून पैसे भरले, की त्या एका यंत्रावर विंडोज सर्व्हरची दोन आभासी यंत्रं, म्हणजे एकाच यंत्राच्या पोटात वेगवेगळे चालणारे दोन सर्व्हर, चालवता येतात. एकावर पासवर्ड आणि फाइली, दुसऱ्यावर हिशेब, अशी वाटणी करता येते. तिसरं हवं असेल तर सगळ्या कोअरचं लायसन्स पुन्हा एकदा घ्यायचं. डेटासेंटर आवृत्तीत खोल्यांवर मर्यादा नसते, पण तिची किंमत कित्येक पट असते; चौदा जणांच्या कार्यालयाला तिचा विचार करायचं कारण नाही.

दुसरी मोजणी माणसांची, आणि बहुतेक चुका इथेच होतात. सर्व्हरचं लायसन्स घेतलं म्हणजे इमारत भाड्याने घेतली. आत येणाऱ्या प्रत्येकाचा पास वेगळा. या पासाला क्लायंट अ‍ॅक्सेस लायसन्स, व्यवहारात ‘कॅल’, म्हणतात. तो माणसाच्या नावाने घेता येतो किंवा उपकरणाच्या. युझर कॅल असलेला माणूस कितीही उपकरणांवरून सर्व्हर वापरू शकतो. डिव्हाइस कॅल असलेलं उपकरण कितीही माणसं वापरू शकतात.

वरच्या कार्यालयात सगळ्यांना युझर कॅल दिले तर चौदा लागतात. सगळ्या उपकरणांना दिले तर भागीदारांची सहा, कर्मचाऱ्यांची सहा आणि विद्यार्थ्यांची तीन मिळून पंधरा. पण दोन्ही प्रकार एकत्र वापरता येतात. भागीदार आणि कर्मचारी अशा आठ माणसांना युझर कॅल आणि विद्यार्थ्यांच्या तीन संगणकांना डिव्हाइस कॅल घेतले, की अकरात काम भागतं. अट इतकीच, की विद्यार्थ्यांनी स्वतःच्या फोनवरून किंवा लॅपटॉपवरून सर्व्हरला हात लावायचा नाही. ही वजाबाकी कागदावर पाच मिनिटांत होते. ती विक्रेत्याने करून द्यावी अशी अपेक्षा ठेवणं मात्र भाबडेपणाचं आहे, कारण विद्यार्थी किती आहेत आणि ते कुठे बसतात हे त्याला ठाऊक नसतं.

कॅलचा आणखी एक गुण गैरसमजाला कारण होतो. साध्या कॅलला सर्व्हरमध्ये टाकायची ‘की’, म्हणजे सांकेतिक क्रमांक, नसते. तो हक्क कागदावर असतो. सर्व्हर स्वतः माणसं मोजत नाही, पंधरावा आला तर त्याला अडवत नाही. त्यामुळे ‘चालतंय म्हणजे बरोबर आहे’ असं वाटत राहतं. मध्ये एखादं सॉफ्टवेअर बसवलं, चौदा जण त्यातून काम करतात आणि सर्व्हरला एकच खातं दिसतं, तरी मोजणी चौदाचीच होते. सर्व्हरकडून केवळ नेटवर्कवरचा पत्ता घेणारं उपकरणही या मोजणीत येतं. कॅल आवृत्तीशीही बांधलेला असतो: २०२२चा कॅल २०१९च्या सर्व्हरला चालतो, २०२५च्या सर्व्हरला चालत नाही. चार वर्षांनी नवा सर्व्हर घेताना जुने कॅल कामाला येतील असं गृहीत धरलेल्या कार्यालयाचा अंदाजपत्रकातला आकडा इथेच चुकतो.

तिसरी मोजणी दूरवरून काम करण्याची. ऑडिटला बाहेरगावी गेलेल्या माणसाला कार्यालयातला हिशेब स्क्रीनवर उघडून हवा असतो. सर्व्हरची देखभाल करण्यासाठी दोन दूरस्थ सत्रं मिळतात. रोजच्या कामासाठी दूरवरून सर्व्हरचा डेस्कटॉप वापरायचा तर नेहमीच्या कॅलशिवाय रिमोट डेस्कटॉपचे वेगळे कॅल लागतात. त्यांच्या बाबतीत सर्व्हर १२० दिवसांची सवलत देतो आणि मग जोडणी नाकारतो. यावर अनेक ठिकाणी एक आडवाट दाखवली जाते: साध्या विंडोज प्रोच्या एका फाइलमध्ये फेरफार करून एका वेळी अनेकांना आत घ्यायचं. विंडोज प्रोचं लायसन्स एका वेळी एकाच दूरस्थ सत्राची परवानगी देतं. ही फाइल बदलणं म्हणजे सरळ करार मोडणं आहे, आणि कार्यालयाचं दार इंटरनेटकडे उघडं करून त्याचं कुलूप खिळखिळं करणंही.

हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स या सगळ्याहून स्वतंत्र. टॅली प्राइमची सिल्व्हर आवृत्ती एका वापरकर्त्यासाठी, गोल्ड कार्यालयाच्या नेटवर्कवरच्या अनेकांसाठी. गोल्ड घेतलं म्हणून विंडोजचे कॅल माफ होत नाहीत आणि कॅल आहेत म्हणून सिल्व्हरचं गोल्ड होत नाही. डेटाबेसवर चालणारं दुसरं एखादं सॉफ्टवेअर असेल तर त्याखाली एसक्यूएल सर्व्हर हा डेटाबेस असण्याची शक्यता मोठी. त्याची एक्स्प्रेस आवृत्ती मोफत आहे, पण २०२२च्या आवृत्तीत एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे. ती मर्यादा मार्च अखेरीच्या धांदलीत गाठली जाण्याआधी कळलेली बरी.

इतकं सगळं मोजल्यावर मालकाच्या मनात येणारा प्रश्न अगदी योग्य असतो: सर्व्हर हवाच का? विंडोज ११च्या करारानुसार एका साध्या संगणकावरच्या फाइली आणि प्रिंटर इतर वीस उपकरणांना वापरता येतात, तेही कोणत्याही कॅलशिवाय. वरच्या कार्यालयाची उपकरणं पंधरा. म्हणजे केवळ फाइली एका जागी ठेवणं एवढीच गरज असेल तर लायसन्सच्या दृष्टीने कोपऱ्यातला एक चांगला संगणक पुरेसा आहे. पासवर्ड एका जागेवरून सांभाळणं, कुणी काय उघडायचं हे ठरवणं, ही कामं मात्र तो नीट करत नाही. ती हवी असतील तर विंडोज सर्व्हरचीच एसेन्शियल्स आवृत्ती आहे: पंचवीस माणसं, पन्नास उपकरणं, कॅलची गरज नाही. ती सर्व्हर बनवणाऱ्या कंपन्यांकडून यंत्रासोबत मिळते. पंचवीसपेक्षा कमी माणसांच्या कार्यालयाला आलेल्या कोटेशनमध्ये तिचा उल्लेख नसेल तर का नाही, हे विचारायला हवं.

दुसरा रस्ता मुक्त सॉफ्टवेअरचा आहे, आणि त्यामागे पाहण्याजोगा इतिहास आहे. कॅनबेऱ्यात शिकणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेलने १९९१-९२च्या सुमारास विंडोजच्या जगाशी त्याच्याच भाषेत बोलणारा, वेगळ्या प्रणालीवर चालणारा सर्व्हर लिहायला घेतला. पुढे त्याचं नाव सांबा झालं. मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरची पूर्ण बोली बाहेरच्यांना माहीत नव्हती. ती निरीक्षणाने उलगडावी लागत होती. मार्च २००४मध्ये युरोपीय आयोगाने ही माहिती दडवल्याबद्दल आणि इतर कारणांसाठी कंपनीला ४९ कोटी ७० लाख युरोंचा दंड केला. सप्टेंबर २००७मध्ये न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला आणि त्याच वर्षी डिसेंबरात सांबाच्या मंडळींना १०,००० युरो एकदाच भरून ती कागदपत्रं मिळाली. डिसेंबर २०१२मध्ये आलेला सांबा ४ पासवर्ड आणि खाती सांभाळणारा मुख्य सर्व्हरही होऊ शकतो. लिनक्स या मुक्त प्रणालीवर चालणाऱ्या सांबाला जोडणाऱ्या माणसांसाठी विंडोज सर्व्हरचे कॅल लागत नाहीत. कार्यालयात नेटवर्कवरून फाइली साठवायला ‘नॅस’ म्हणून ठेवलेल्या कित्येक पेट्यांच्या पोटात हाच सांबा असतो.

पण मुक्त म्हणजे बिनकराराचं, असं समजू नये. सांबा जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीखाली मिळतो. तोही परवानाच आहे. वापरायला तो काही अडवत नाही, बदल करून दुसऱ्याला दिला तर मूळ संहिता द्यायला लावतो. खर्च लायसन्सवरून उठून देखभाल करणाऱ्या माणसावर जातो. गावात लिनक्स जाणणारा एकच माणूस असेल आणि तो नोकरी बदलून गेला, तर मोफत सर्व्हरही अडचणीचा ठरतो. विंडोजवरच चालणारं हिशेबाचं सॉफ्टवेअर तर लिनक्सवर जातही नाही. म्हणून मुक्त सॉफ्टवेअरची बाजू घेणाऱ्यानेही आधी कार्यालयाचं काम विचारावं.

करार बदलण्याची ताकद कुणाच्या हातात असते, हे गेल्या काही वर्षांत दोनदा ठळकपणे दिसलं. सेंटओएस ८ या मोफत लिनक्सला २०२९पर्यंत सुधारणा मिळतील असं गृहीत धरून लोकांनी सर्व्हर उभारले होते. डिसेंबर २०२०मध्ये त्यामागच्या रेड हॅट कंपनीने ती मुदत २०२१च्या अखेरीवर आणली. मग त्याची जागा घ्यायला अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स उभे राहिले. दुसरं उदाहरण आभासी यंत्रं चालवण्याचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या व्हीएमवेअरचं. नोव्हेंबर २०२३मध्ये ब्रॉडकॉमने ही कंपनी घेतली आणि डिसेंबरमध्ये कायमस्वरूपी लायसन्सची विक्री थांबवून सगळं वर्गणीवर आणलं. एकदाच पैसे भरून घेतलेलं लायसन्स पागडीच्या खोलीसारखं असतं: मोठी रक्कम एकदा दिली की राहणं पक्कं, पण जागा शेवटी दुसऱ्याची. वर्गणी म्हणजे अकरा महिन्यांचा करार. दोन्हींत राहता येतं. नूतनीकरणाच्या वेळी काय होईल याचा हिशेब मात्र वेगळा असतो.

मुदतीचं कलम जिवाशी कसं येतं, ते मे २०१७मध्ये फाइली ओलीस ठेवून खंडणी मागणाऱ्या वॉनाक्राय या घातक प्रोग्रॅमने दाखवलं. विंडोजमध्ये फाइली वाटून घेण्याच्या यंत्रणेतली एक फट त्याने वापरली. तिच्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती, पण कंपनीचा आधार (सपोर्ट) संपलेल्या आवृत्त्यांना ती मिळाली हल्ला झाल्यानंतरच. विंडोज सर्व्हर २०१२चा आधार १० ऑक्टोबर २०२३ला संपला. २०१६चा संपण्याची तारीख १२ जानेवारी २०२७ ही आहे.

आणि कायदा? कॉपीराइट कायद्याचं ६३ब हे कलम संगणकावर बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगतं. व्यवसायासाठी वापर नसेल तर कैद टाळण्याची मुभा न्यायालयाला आहे. कार्यालयाला ती पळवाट नाही. चोरीची प्रत आणि मोजणीत कमी पडलेले कॅल या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, दुसरी मुख्यतः कराराच्या भंगाची बाब असते. पण ऑनलाइन बाजारात काही शे रुपयांना मिळणारी ‘आजीवन’ की या दोहोंच्या मधल्या अंधाऱ्या जागेत बसते. ती बहुतेकदा दुसऱ्याच संस्थेच्या लायसन्सची असते. की स्वीकारली जाते, सर्व्हर सुरू होतो. वापरण्याचा हक्क सिद्ध करणारा कागद मात्र कधीच हाती येत नाही.

कॅलिफोर्नियातल्या गिटारच्या तारा बनवणाऱ्या अर्नी बॉल कंपनीत २००० साली तपासणी झाली. तिच्या ७२ संगणकांपैकी सुमारे आठ टक्क्यांवर लायसन्स नसलेले प्रोग्रॅम सापडले. कंपनीने तडजोडीचे ६५,००० डॉलर आणि वकिलांचे ३५,००० डॉलर भरले. मालक स्टर्लिंग बॉल यांनी त्यानंतर सगळी कंपनी लिनक्सवर नेली आणि ती तिथे नीट चालली. या घटनेतून बहुतेक जण लिनक्सची गोष्ट उचलतात. छोट्या कार्यालयाने उचलावी ती आठ टक्क्यांची. हा आकडा जुन्या संगणकांच्या फेरवाटपात, कुणाच्याही लक्षात न येता साठत जातो.

या सगळ्यावर एक आक्षेप रास्त आहे. नियम इतके गुंतागुंतीचे असतील तर दोष लहान ग्राहकाच्या माथी का मारायचा? कंपन्यांनी चार पानांत, स्थानिक भाषेत, उदाहरणांसह ते सांगायला हवेत. ही मागणी ग्राहक संघटनांनी आणि व्यापारी मंडळांनी जरूर लावून धरावी. भाडेकरार महाराष्ट्रात नोंदवावा लागतो, म्हणून तो वाचायची सवय लागली. सॉफ्टवेअरच्या करारासाठी अशी कोणतीही खिडकी नाही. पण ती उघडेपर्यंत कार्यालयाला थांबता येत नाही, कारण सर्व्हर उद्याच लागणार असतो.

तोवर एक वही पुरेशी आहे. प्रत्येक सॉफ्टवेअरसमोर पाच गोष्टी: नाव आणि आवृत्ती, मोजणी कशावर आणि किती, पावती व परवान्याचा कागद कुठे ठेवलाय, यंत्र बदललं तर लायसन्स नव्या यंत्रावर नेता येतं का, आणि आधार संपण्याची तारीख. चौथा प्रश्न विशेष महत्त्वाचा, कारण यंत्रासोबत मिळालेलं ओईएम लायसन्स त्या यंत्रासोबतच संपतं. नवा माणूस रुजू झाला की ज्या दिवशी त्याचं नाव पगाराच्या यादीत चढतं, त्याच दिवशी ते या वहीतही चढावं. पुढच्या वेळी सर्व्हरचं कोटेशन टेबलावर येईल तेव्हा सहीआधी ही वही उघडा, माणसं आणि यंत्रं स्वतः मोजा, आणि विक्रेत्याकडून त्या मोजणीचं उत्तर लेखी घ्या.